डेटाबेसमधून हव्या त्या नोंदी घेणे आणि नको त्या वगळणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न एसक्यूएल (डेटाबेसला माहिती विचारण्याची भाषा) शिकणाऱ्यांनी आणि रोजच्या कामासाठी अहवाल काढणाऱ्यांनी पुन्हापुन्हा पाठवलेले आहेत. सर्व उत्तरांत एकाच ग्रंथालयाचा नमुना वापरला आहे. 'सभासद' या टेबलमध्ये क्रमांक, नाव, प्रकार आणि स्थिती हे कॉलम आहेत. 'पुस्तके' या टेबलमध्ये क्रमांक, शीर्षक आणि विषय आहेत. 'देवघेव' या टेबलमध्ये सभासद_क्रमांक, पुस्तक_क्रमांक, नेल्याची_तारीख आणि स्थिती आहेत. एसक्यूएलचे शब्द वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत. क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) चालवताना ते नेहमीप्रमाणे रोमन लिपीत टाइप करावेत.

१. काही नोंदी हव्यात आणि काही नकोत, तर क्वेरी लिहायला सुरुवात कोठून करावी?

आधी एक गोष्ट ठरवावी: आपण एकेका ओळीबद्दल बोलत आहोत की अनेक ओळी मिळून बनणाऱ्या एखाद्या घटकाबद्दल? 'स्थगित सभासद नकोत' हे वाक्य 'सभासद' टेबलमधील एका ओळीबद्दल आहे, कारण सभासद स्थगित आहे की नाही हे त्याच्या एकाच ओळीकडे पाहून कळते. 'विज्ञानाचे पुस्तक कधीच न नेलेले सभासद' हे वाक्य मात्र त्या सभासदाच्या देवघेवीच्या सर्व ओळींबद्दल आहे आणि कोणतीही एक ओळ पाहून त्याचा निकाल लागत नाही. पहिल्या प्रकारासाठी व्हेअरमधील (कोणत्या ओळी घ्यायच्या हे सांगणाऱ्या भागातील) साधी अट पुरते. दुसऱ्या प्रकाराला सबक्वेरी (क्वेरीच्या आत लिहिलेली दुसरी क्वेरी) किंवा गट करणे लागते. त्याचे सविस्तर उत्तर प्रश्न ९ मध्ये आहे. वगळण्याच्या बाबतीत माझ्याकडे येणाऱ्या चुकांपैकी बहुतेकींचे मूळ या पहिल्या निर्णयात किंवा प्रश्न ४ मधील नलमध्ये (कॉलम रिकामा असण्यात) सापडते, म्हणून घाई असली तरी हे दोन प्रश्न तरी वाचावेत.

२. 'विद्यार्थी किंवा शिक्षक हवेत, पण स्थगित नकोत' असे लिहिले, तरी काही स्थगित सभासद यादीत येतातच. असे का?

बहुधा क्वेरी अशी लिहिलेली असते ('<>' म्हणजे 'समान नाही'):

```
सिलेक्ट * फ्रॉम सभासद
व्हेअर प्रकार = 'विद्यार्थी' ऑर प्रकार = 'शिक्षक'
अँड स्थिती <> 'स्थगित'
```

गणितात बेरजेपेक्षा गुणाकार आधी होतो, तसा एसक्यूएलमध्ये ऑरपेक्षा अँड आधी होतो. त्यामुळे वरील अटीचा अर्थ 'सर्व विद्यार्थी, आणि शिवाय स्थगित नसलेले शिक्षक' असा लावला जातो आणि स्थगित विद्यार्थी सहज आत येतात. दोन्ही प्रकारांच्या अटी एका कंसात घालाव्यात, किंवा 'प्रकार इन ('विद्यार्थी', 'शिक्षक')' असे लिहावे, म्हणजे ऑरची गरजच उरत नाही. अँड आणि ऑर एकाच व्हेअरमध्ये आले की नियम पाठ असला तरी कंस द्यावाच. ती क्वेरी पुढे वाचणाऱ्याला लिहिणाऱ्याचा हेतू त्या कंसातूनच कळतो.

३. 'विद्यार्थी नकोत किंवा शिक्षक नकोत' अशी अट दिली, तर एकही नोंद का वगळली जात नाही?

बोलताना आपण 'विद्यार्थी आणि शिक्षक वगळा' असेही म्हणतो आणि 'विद्यार्थी किंवा शिक्षक असेल तर वगळा' असेही म्हणतो. दोन्हींचा अर्थ एकच असतो. क्वेरीत मात्र 'प्रकार <> 'विद्यार्थी' ऑर प्रकार <> 'शिक्षक'' ही अट प्रत्येक भरलेल्या ओळीसाठी खरी ठरते, कारण जो विद्यार्थी आहे तो शिक्षक नसतो आणि जो शिक्षक आहे तो विद्यार्थी नसतो. येथे अँड हवा. एकोणिसाव्या शतकातील गणिती ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम हेच सांगतो: ऑरने जोडलेल्या कंसावर नॉट लावला की आतील प्रत्येक अट उलटते आणि ऑरचा अँड होतो, अँडने जोडलेल्या कंसावर लावला की अँडचा ऑर होतो. हा हिशेब डोक्यात करण्यापेक्षा नको असलेल्या नोंदींची अट आधी सरळ भाषेत, होकारार्थी लिहावी, ती कंसात घालावी आणि कंसाबाहेर एकच नॉट लावावा. अशी क्वेरी वाचायलाही सोपी जाते.

४. 'स्थगित' सभासद वगळले, तर ज्यांच्या स्थितीचा कॉलम रिकामा आहे ते सभासदही गेले. ते तर स्थगित नव्हते!

कॉलम रिकामा असणे म्हणजे त्यात नल असणे, आणि नल म्हणजे 'मूल्य माहीत नाही' किंवा 'मूल्य लागू नाही'. ज्याची स्थितीच माहीत नाही तो स्थगित नाही, असे डेटाबेस ठामपणे सांगू शकत नाही. म्हणून 'स्थिती <> 'स्थगित'' या तुलनेचे उत्तर त्या ओळीसाठी खरे नसते आणि खोटेही नसते. ते 'अज्ञात' असते. व्हेअर फक्त खऱ्या उत्तराच्या ओळी आत घेतो. खोट्या आणि अज्ञात अशा दोन्ही ओळी तो सारख्याच निर्विकारपणे बाहेर ठेवतो.

येथेच वगळण्यासंबंधीची सर्वांत महत्त्वाची गोष्ट लक्षात येते. 'स्थिती = 'स्थगित'' या अटीने मिळालेल्या नोंदी आणि 'स्थिती <> 'स्थगित'' या अटीने मिळालेल्या नोंदी एकत्र केल्या, तरी पूर्ण टेबल मिळेलच असे नाही. प्रत्येक अट टेबलचे दोन नव्हे, तीन ढीग करते, आणि तिसऱ्या ढिगाचे काय करायचे हे क्वेरी लिहिणाऱ्यानेच सांगावे लागते. अटीवर नॉट लावूनही यातून सुटका होत नाही, कारण अज्ञाताचे उलट अज्ञातच राहते.

उपाय तीन आहेत. पहिला सर्वत्र चालतो: 'स्थिती <> 'स्थगित' ऑर स्थिती इज नल'; प्रश्न २ मध्ये सांगितल्याप्रमाणे हे दोन्ही एका कंसात घालावे. दुसरा उपाय म्हणजे 'स्थिती इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'स्थगित''. ही रचना एसक्यूएलच्या १९९९ च्या अधिकृत प्रमाणात (स्टँडर्डमध्ये) आली; पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीत ती आहे, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ती २०२२ च्या आवृत्तीपासून आली, आणि मायएसक्यूएलमध्ये तिच्याऐवजी '<=>' हे चिन्ह नॉटसह वापरतात. ही रचना नलला एखाद्या साध्या मूल्यासारखे वागवते आणि उत्तर कधीही अज्ञात देत नाही. तिसरा उपाय कोअलेस वापरून नलच्या जागी एखादे ठरावीक मूल्य धरण्याचा आहे. तो लिहायला आटोपशीर असला तरी कॉलमवर फंक्शन लावल्यामुळे साधा इंडेक्स (नोंदी चटकन शोधण्याची सूची) बहुधा वापरला जात नाही (प्रश्न १६ पाहावा).

संबंधाधारित डेटाबेसची मांडणी एडगर कॉड यांनी १९७० मध्ये केली, तेव्हा त्या लेखात नल नव्हता. त्यांनी १९७९ च्या लेखात त्याची सविस्तर चर्चा केली. नल असावाच का, यावर तेव्हापासून तज्ज्ञांमध्ये वाद आहे. रोजच्या कामापुरते माझे मत असे आहे की ज्या कॉलमवरून आपण नोंदी वगळणार आहोत, तो कॉलम टेबल तयार करतानाच शक्य असेल तेथे 'नॉट नल' ठेवावा.

५. रिकामा मजकूर आणि नल एकच आहेत का?

बहुतेक डेटाबेसमध्ये नाहीत. शून्य लांबीचा मजकूर हे एक माहीत असलेले मूल्य आहे, त्यामुळे त्याची तुलना नेहमीसारखी होते. ओरॅकल हा मोठा अपवाद आहे. तो शून्य लांबीचा मजकूर नल म्हणूनच साठवतो. एका डेटाबेसवरून दुसऱ्यावर क्वेरी नेताना 'नाव <> ''' सारख्या अटी मुद्दाम शोधून काढाव्यात, कारण ओरॅकलमध्ये ही अट कोणत्याच ओळीसाठी खरी ठरत नाही.

६. 'नॉट इन' वापरून सबक्वेरीतील सभासद वगळले, तर एकही नोंद मिळाली नाही. सबक्वेरी वेगळी चालवली तर ती ठीक दिसते.

सबक्वेरीच्या उत्तरात एक तरी नल आहे का, ते आधी पाहावे. समजा, देवघेवीच्या एखाद्या नोंदीत सभासद_क्रमांक भरायचा राहून गेला आहे आणि आपण पुढील क्वेरी चालवली:

```
सिलेक्ट * फ्रॉम सभासद
व्हेअर क्रमांक नॉट इन
  (सिलेक्ट सभासद_क्रमांक फ्रॉम देवघेव)
```

'क्रमांक नॉट इन (१, २, नल)' याचा अर्थ 'क्रमांक १ नाही, आणि २ नाही, आणि नल नाही' असा आहे. क्रमांक २ असलेल्या सभासदासाठी मधली अट खोटी ठरते, म्हणून तो जातो. क्रमांक ७ असलेल्या सभासदासाठी पहिल्या दोन अटी खऱ्या ठरतात, पण तिसरी अज्ञात ठरते, आणि अँडने जोडलेल्या अटींत एक जरी अज्ञात असली तरी एकूण उत्तर खरे होऊ शकत नाही. म्हणजे यादीत एक नल शिरला की कोणत्याही सभासदासाठी अट खरी ठरत नाही आणि उत्तर रिकामे येते. नलमुळे ही अवस्था का होते, हे प्रश्न ४ मध्ये दिले आहे.

या चुकीचा मोठा धोका असा की क्वेरी कोणतीही तक्रार करत नाही. काल बरोबर चालणारा अहवाल आज कोणीतरी एक अपुरी नोंद भरली म्हणून रिकामा येतो, आणि 'असे सभासद आज नाहीत' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. सबक्वेरीत 'व्हेअर सभासद_क्रमांक इज नॉट नल' जोडले की आजचा प्रश्न सुटतो, पण ही जोड प्रत्येक वेळी आठवावी लागते. त्यापेक्षा नॉट एक्झिस्ट्सची सवय लावून घेणे अधिक सुरक्षित आहे. साध्या 'इन'मध्ये मात्र हा त्रास होत नाही. यादीत नल असला तरी जुळणाऱ्या ओळी मिळतातच.

७. मग नॉट एक्झिस्ट्स, लेफ्ट जॉइन आणि एक्सेप्ट यांपैकी कोणते वापरावे?

मी नॉट एक्झिस्ट्सला पहिली पसंती देतो. त्यात प्रत्येक सभासदासाठी एकच प्रश्न विचारला जातो: याच्याशी जुळणारी एखादी तरी ओळ तिकडे आहे का? त्याचे उत्तर नेहमी खरे किंवा खोटे असते, अज्ञात कधीच नसते, आणि तिकडे जुळणाऱ्या शंभर ओळी असल्या तरी आपल्या यादीत सभासद दोनदा येत नाही.

```
सिलेक्ट स.* फ्रॉम सभासद स
व्हेअर नॉट एक्झिस्ट्स
  (सिलेक्ट १ फ्रॉम देवघेव द
   व्हेअर द.सभासद_क्रमांक = स.क्रमांक)
```

लेफ्ट जॉइन (डाव्या टेबलच्या सर्व ओळी राखणारी जोडणी) करून 'उजवीकडचे नल असलेले' घेण्याची पद्धतही बरोबर उत्तर देते, मात्र इज नलची तपासणी उजव्या टेबलच्या अशा कॉलमवर करावी जो मुळात कधीच रिकामा नसतो. जोडणीचा कॉलम त्यासाठी सर्वांत योग्य ठरतो. परतीच्या तारखेसारखा एरवीही रिकामा असू शकणारा कॉलम तपासला, तर पुस्तक नेलेले पण अजून परत न केलेले लोक 'काहीच न नेलेल्यां'मध्ये येऊन बसतात.

एक्सेप्ट १९९२ च्या प्रमाणात आले. ते पूर्ण ओळींची तुलना करते, दोन नल एकसारखे मानते आणि उत्तरातील दुहेरी ओळी काढून टाकते. दोन याद्यांतील फरक पाहण्यासाठी ते उत्तम आहे. सभासदाचे इतर तपशीलही हवे असतील तर ते अडचणीचे ठरते, कारण दोन्ही बाजूंचे कॉलम संख्येने समान आणि प्रकाराने जुळणारे असावे लागतात. ओरॅकलमध्ये हेच काम परंपरेने मायनस या शब्दाने होते, आणि मायएसक्यूएलमध्ये एक्सेप्ट ८.०.३१ या आवृत्तीपासून मिळू लागले.

८. सर्व सभासद दिसावेत म्हणून लेफ्ट जॉइन केला, तरी पुस्तक न नेलेले सभासद गायब होतात. का?

उजव्या टेबलवरची अट व्हेअरमध्ये लिहिल्यामुळे असे होते. लेफ्ट जॉइन आधी प्रत्येक सभासदाची ओळ राखतो आणि जुळणारी देवघेव नसेल तर उजवीकडचे कॉलम नलने भरतो. त्यानंतर व्हेअर चालतो. तेथे 'द.स्थिती = 'नेले'' अशी अट असली, की नल असलेल्या ओळींसाठी ती अज्ञात ठरते आणि ज्या ओळी राखण्यासाठी लेफ्ट जॉइन केला होता त्याच गळून पडतात. उजव्या टेबलमधील कोणत्या ओळी जोडायच्या हे सांगणारी अट ऑनमध्ये (जोडणीची अट सांगणाऱ्या भागात) लिहावी. जोडून झाल्यावर कोणत्या ओळी ठेवायच्या हे सांगणारी अट व्हेअरमध्ये लिहावी. इज नलची तपासणी (प्रश्न ७) दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून ती व्हेअरमध्येच राहते.

उलट चूकही होते. डाव्या टेबलवरची वगळणारी अट ऑनमध्ये लिहिली, तर एकही सभासद वगळला जात नाही. स्थगित सभासदाची देवघेव तेवढी जोडली जात नाही आणि तो स्वतः यादीत राहतो.

९. ज्यांनी इतिहासाचे पुस्तक नेले आहे, पण विज्ञानाचे कधीच नेले नाही, असे सभासद कसे काढावेत?

हा प्रश्न मला सर्वांत जास्त वेळा येतो, आणि त्यासोबत येणारी क्वेरी बहुधा सारखीच असते: तिन्ही टेबले जोडून 'विषय = 'इतिहास' अँड विषय <> 'विज्ञान'' अशी अट लावलेली असते. या अटीचा दुसरा भाग निरुपयोगी आहे. ज्या ओळीत विषय इतिहास आहे, त्या ओळीत तो विज्ञान नाही हे उघडच आहे. एखाद्या सभासदाने दोन्ही पुस्तके नेली असतील, तर त्याची इतिहासाची ओळ या चाळणीतून निर्धास्तपणे पार होते आणि विज्ञानाची ओळ अडते. सभासद मात्र यादीत येतो. आपल्याला ओळ वगळायची नव्हती, तर सभासद वगळायचा होता.

पहिली योग्य पद्धत म्हणजे सभासद टेबलवरून सुरुवात करून दोन स्वतंत्र प्रश्न विचारणे. त्याने इतिहासाचे पुस्तक नेल्याची एखादी ओळ आहे, म्हणून एक एक्झिस्ट्स; आणि विज्ञानाचे नेल्याची एकही ओळ नाही, म्हणून एक नॉट एक्झिस्ट्स. दोन्ही सबक्वेऱ्यांत देवघेव आणि पुस्तके यांची जोडणी लागते, त्यामुळे क्वेरी लांबते, पण ती मराठी वाक्यासारखी सरळ वाचता येते आणि उद्या 'भूगोलाचेही नको' असे कोणी म्हटले तर तिसरा नॉट एक्झिस्ट्स शेवटी जोडता येतो.

दुसरी पद्धत गट करण्याची आहे:

```
सिलेक्ट द.सभासद_क्रमांक
फ्रॉम देवघेव द
जॉइन पुस्तके प ऑन प.क्रमांक = द.पुस्तक_क्रमांक
ग्रुप बाय द.सभासद_क्रमांक
हॅविंग सम(केस व्हेन प.विषय = 'इतिहास' देन १ एल्स ० एन्ड) > ०
अँड सम(केस व्हेन प.विषय = 'विज्ञान' देन १ एल्स ० एन्ड) = ०
```

व्हेअर ओळी चाळतो, हॅविंग गट चाळतो. येथे प्रत्येक सभासदाचा एक गट होतो आणि त्या गटात इतिहासाच्या व विज्ञानाच्या ओळी किती आहेत हे मोजून निर्णय होतो. या क्वेरीत 'व्हेअर प.विषय <> 'विज्ञान'' असे कधीही जोडू नये. तसे केले तर विज्ञानाच्या ओळी गट होण्याआधीच निघून जातील, दुसरी बेरीज प्रत्येकासाठी शून्य येईल आणि कोणीच वगळले जाणार नाही. पुरावाच काढून टाकल्यावर निर्णय करता येत नाही, हे येथे अक्षरशः घडते.

अटी दोन-तीनच असतील तर मी पहिली पद्धत वापरतो. 'किमान तीन इतिहासाची आणि जास्तीत जास्त एक विज्ञानाचे' अशी मोजणी आली, तर दुसरी पद्धत सोयीची पडते.

१०. 'फक्त इतिहासाचीच पुस्तके नेणारे' आणि 'इतिहासाची सर्व पुस्तके नेलेले' यांत क्वेरीच्या दृष्टीने काय फरक आहे?

पहिल्या वाक्यातील 'फक्त' हा शब्द मुळात वगळणारा आहे: इतिहासाखेरीज दुसऱ्या विषयाची एकही ओळ नसावी. प्रश्न ९ मधील पद्धतीने एक एक्झिस्ट्स आणि एक नॉट एक्झिस्ट्स लिहावा, आणि दुसऱ्यातील अट 'विषय इज डिस्टिंक्ट फ्रॉम 'इतिहास'' अशी ठेवावी, नाहीतर विषय न नोंदवलेली पुस्तके इतर विषयांत मोजली जाणार नाहीत. एक्झिस्ट्स विसरला, तर एकही पुस्तक न नेलेले सभासदही उत्तरात येतात, कारण त्यांच्याकडे इतर विषयाची ओळ नसतेच.

दुसऱ्या वाक्यातील 'सर्व'साठी दुहेरी नकार लागतो: इतिहासाचे असे एकही पुस्तक नाही, जे या सभासदाने नेलेले नाही. म्हणजे पुस्तके टेबलवर एक नॉट एक्झिस्ट्स आणि त्याच्या आत देवघेव टेबलवर दुसरा. सभासदाने नेलेली इतिहासाची वेगवेगळी पुस्तके मोजून तो आकडा इतिहासाच्या एकूण पुस्तकांशी ताडून पाहण्याचा मार्गही आहे. त्यात काउंटमध्ये डिस्टिंक्ट विसरू नये, कारण एकच पुस्तक कोणी दोनदा नेलेले असते. ग्रंथालयात इतिहासाचे एकही पुस्तक नसेल, तर दुहेरी नकाराची क्वेरी प्रत्येक सभासदाला पात्र ठरवते. तर्काच्या दृष्टीने ते बरोबर आहे, अहवालात ते हवे आहे का हे आधी ठरवावे.

११. प्रत्येक सभासदाची शेवटची देवघेव हवी, पण रद्द झालेल्या नकोत. दोन जणांची उत्तरे वेगळी आली, बरोबर कोण?

दोघेही बरोबर असू शकतात, कारण प्रश्नच दोन आहेत. आधी रद्द नोंदी वगळून मग शेवटची निवडली, तर 'रद्द न झालेल्यांपैकी शेवटची' मिळते. आधी शेवटची निवडून मग रद्द असेल तर वगळली, तर ज्यांची अगदी शेवटची नोंद रद्द आहे ते सभासद पूर्णपणे यादीबाहेर जातात. सभासदागणिक गट पाडून आणि तारखेच्या उतरत्या क्रमाने लावून रो_नंबर फंक्शनने क्रमांक दिला जातो; ते सबक्वेरीत लिहावे लागते, कारण रो_नंबरसारखे विंडो फंक्शन व्हेअरमध्ये चालत नाही. रद्दची अट त्या सबक्वेरीच्या आत लिहिली की पहिले उत्तर मिळते, बाहेरच्या व्हेअरमध्ये लिहिली की दुसरे. एकाच तारखेला दोन नोंदी असतील, तर क्रम लावताना आणखी एक निर्णायक कॉलम द्यावा. तसे न केल्यास दर वेळी वेगळी नोंद 'शेवटची' ठरू शकते.

१२. एका महिन्याच्या नोंदी बिट्वीन वापरून घेतल्या, तर शेवटच्या दिवसाच्या काही नोंदी का सुटतात?

बिट्वीनमध्ये दोन्ही टोके धरली जातात, पण कॉलममध्ये तारखेसोबत वेळही असेल तर '२०२४-०१-३१' या टोकाचा अर्थ त्या दिवसाची मध्यरात्र, म्हणजे दिवसाचा पहिला क्षण असा होतो. त्या दिवशी दुपारी नेलेले पुस्तक त्या टोकाच्या पलीकडे पडते. नॉट बिट्वीनने जानेवारी वगळायचा प्रयत्न केला, तर हीच दुपारची नोंद वगळली न जाता यादीत राहते. म्हणून 'तारीख >= '२०२४-०१-०१' अँड तारीख < '२०२४-०२-०१'' अशी, सुरुवात धरणारी आणि शेवट सोडणारी अट लिहावी. महिना ३० दिवसांचा की ३१ चा, लीप वर्ष आहे की नाही, हे प्रश्नही तिने मिटतात.

१३. नॉट लाइकने मजकूर वगळताना काय सांभाळावे?

टक्क्याचे चिन्ह कितीही अक्षरांसाठी आणि अधोरेषा नेमक्या एका अक्षरासाठी असते; शीर्षकात खरीच अधोरेषा शोधायची असेल तर एस्केप वापरावे. रिकामे शीर्षक नॉट लाइकमध्येही गळते (प्रश्न ४). लहान-मोठ्या रोमन अक्षरांत पोस्टग्रेसचा लाइक भेद करतो, तर मायएसक्यूएलच्या मूळ मांडणीत बहुधा तो केला जात नाही. त्यामुळे तीच क्वेरी दोन ठिकाणी वेगवेगळ्या नोंदी वगळू शकते.

१४. यादीत सर्वांना ठेवायचे आहे, फक्त मोजणीतून काही नोंदी वगळायच्या आहेत. हे एकाच क्वेरीत होईल का?

होईल. अट व्हेअरमध्ये न लिहिता मोजणीच्या आत लिहावी: 'काउंट(केस व्हेन द.स्थिती = 'रद्द' देन नल एल्स द.सभासद_क्रमांक एन्ड)'. काउंटला कॉलम दिला की तो नल मोजत नाही, याच गुणाचा येथे उपयोग होतो. लेफ्ट जॉइनसोबत ही रचना वापरली, तर एकही पुस्तक न नेलेल्या सभासदासमोर शून्य दिसते. काउंट(*) लिहिले असते तर तेथे १ दिसला असता, कारण तो नलने भरलेली ओळही मोजतो. २००३ च्या प्रमाणात यासाठी फिल्टर ही स्वतंत्र रचना आली. पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट यांत ती चालते आणि केसपेक्षा स्वच्छ वाचता येते.

१५. वगळायच्या क्रमांकांची यादी काही हजारांची आहे. ती थेट नॉट इनच्या कंसात द्यावी का?

देऊ नये. ओरॅकलने दीर्घ काळ अशा यादीवर १००० घटकांची मर्यादा ठेवली होती, आणि जेथे मर्यादा नाही तेथेही क्वेरीचा मजकूर अवाढव्य होऊन तपासणे अशक्य होते. यादी एका तात्पुरत्या टेबलमध्ये भरावी, त्या कॉलमवर प्रायमरी की ठेवावी, म्हणजे दुहेरी क्रमांक आणि नल दोन्ही आपोआप अडतील, आणि नॉट एक्झिस्ट्सने वगळावे.

१६. वगळणारी क्वेरी हळू का चालते?

एखादी गोष्ट 'आहे' हे शोधताना इंडेक्स थेट त्या जागी नेतो, पण 'स्थिती <> 'स्थगित'' या अटीला टेबलचा बहुतांश भाग हवा असतो, आणि तेवढ्यासाठी इंडेक्स वापरण्यापेक्षा पूर्ण टेबल वाचणेच डेटाबेसला स्वस्त पडते. त्यात दोष नाही. हव्या असलेल्या नोंदी प्रत्यक्षात थोड्या असतील, तर वगळण्याऐवजी त्यांची होकारार्थी अट लिहावी, किंवा पोस्टग्रेस, एसक्यूलाइट आणि एसक्यूएल सर्व्हर यांत तेवढ्याच नोंदींवर अटीसह इंडेक्स करावा. सबक्वेरीने वगळताना आतल्या टेबलच्या जोडणीच्या कॉलमवर इंडेक्स आहे की नाही हे पाहावे. पोस्टग्रेसच्या अनेक आवृत्त्यांत नॉट इनची सबक्वेरी नॉट एक्झिस्ट्सइतक्या चांगल्या योजनेने चालत नाही, त्यामुळे मोठ्या टेबलांवर दोन्हींच्या वेळेत फार अंतर पडू शकते. अंदाज बांधण्यापेक्षा एक्स्प्लेन चालवून योजना पाहावी.

१७. सबक्वेरीत नसलेल्या कॉलमचे नाव दिले, तरी चूक का दाखवली जात नाही? आणि सर्व नोंदी का हटल्या?

हा या यादीतील सर्वांत धोकादायक प्रसंग आहे. समजा, 'हटवायचे' या टेबलमध्ये सभासद_क्रमांक हा एकच कॉलम आहे आणि क्वेरी अशी लिहिली:

```
डिलीट फ्रॉम सभासद
व्हेअर क्रमांक इन (सिलेक्ट क्रमांक फ्रॉम हटवायचे)
```

आतल्या टेबलमध्ये 'क्रमांक' नाही, म्हणून डेटाबेस ते नाव बाहेरच्या टेबलमध्ये शोधतो आणि तेथे ते सापडते. सबक्वेरीला बाहेरच्या कॉलमचा उल्लेख करण्याची पूर्ण मुभा असते. प्रश्न ७ मधील नॉट एक्झिस्ट्स त्याच मुभेवर उभा आहे. परिणामी प्रत्येक सभासदाचा क्रमांक त्याच्या स्वतःच्याच क्रमांकाशी ताडला जातो, आणि 'हटवायचे'मध्ये एक जरी ओळ असली तरी सर्व सभासद हटतात. उपाय साधा आहे आणि तो दर वेळी पाळावा: सबक्वेरी असलेल्या क्वेरीत प्रत्येक कॉलमच्या आधी टेबलचे लघुनाम लिहावे. 'ह.क्रमांक' असे लिहिले असते, तर डेटाबेसने लगेच चूक दाखवली असती.

१८. बरोबर त्याच नोंदी वगळल्या गेल्या, हे कसे तपासावे?

नोंदी हटवणारी किंवा बदलणारी क्वेरी असेल, तर आधी त्याच व्हेअरसह सिलेक्ट चालवून ओळी डोळ्यांखालून घालाव्यात, ट्रान्झॅक्शन (कमिट करेपर्यंत मागे घेता येणारे काम) सुरू करून मगच डिलीट चालवावे, आणि हटलेल्या ओळींची संख्या सिलेक्टच्या संख्येशी जुळली तरच कमिट करावे.

अहवालाची क्वेरी असेल, तर वगळणारी अट व्हेअरमधून उचलून केसमध्ये ठेवावी: अट खरी असेल तर 'आत', नॉट लावलेली अट खरी असेल तर 'बाहेर', आणि एल्समध्ये 'अज्ञात'. या नावावर ग्रुप बाय करून मोजणी करावी. तिन्ही आकड्यांची बेरीज टेबलमधील एकूण ओळींइतकी आलीच पाहिजे. जोडणीनंतर ती जास्त आली, तर एका सभासदाच्या अनेक ओळी झाल्या आहेत आणि जॉइनऐवजी एक्झिस्ट्स हवा आहे. 'अज्ञात'समोर शून्याखेरीज कोणताही आकडा दिसला, तर त्या ओळी प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात आणि त्यांना आत घ्यायचे की बाहेर ठेवायचे हे प्रश्न ४ मधील तीन उपायांपैकी एकाने क्वेरीतच लिहून ठेवावे.